स्पर्धा, सहकार्य आणि सरकारी फाइल

कोणत्याही सरकारी कार्यालयात नवा प्रमुख रुजू झाला की महिनाभरात एक सूचना हमखास पुढे येते : कर्मचाऱ्यांमध्ये स्पर्धा निर्माण करावी. खासगी क्षेत्रात माणसे धावतात, कारण मागे राहणाऱ्याला तिथे थारा नसतो. सरकारी नोकर बसून राहतो, कारण धावणारा आणि बसणारा ह्या दोघांनाही महिनाअखेरीस वेतन सारखेच मिळते. असा हा युक्तिवाद. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तो मला पटायला हवा. ३० वर्षांच्या नोकरीनंतर तो मला अर्धाच पटतो, आणि नेमका कोणता अर्धा भाग पटत नाही ते इथे मांडायचे आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. सरकारी नोकरीत स्पर्धा नाही, हे खरे नाही. लाखो उमेदवारांतून हजारभर निवडले जातात, तिथे गुणवत्ता यादीतील क्रमांकावर सेवा ठरते आणि तो क्रमांक निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. पुढे पदोन्नतीचा पिरॅमिड आहेच. वर जावे तसतशा खुर्च्या कमी होत जातात आणि खुर्चीकडे नेणारी वाट वार्षिक गोपनीय अहवालातून जाते. ह्या अहवालाची गंमत सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ सालच्या देव दत्त खटल्यात सर्वांसमोर आली. सीमा सडक संघटनेतील ह्या कार्यकारी अभियंत्याला एका वर्षी 'गुड' असा शेरा मिळाला होता. पदोन्नतीसाठी 'व्हेरी गुड' हवे होते. म्हणजे 'चांगला' हा शेराच त्यांच्या वाईटावर उठला, आणि तो वाईट न वाटल्यामुळे त्यांना कळवण्यातही आला नव्हता! न्यायालयाने सांगितले की प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे. मे २००९ मध्ये केंद्र सरकारने गोपनीय अहवालाचे नाव बदलून 'वार्षिक कामगिरी मूल्यांकन अहवाल' केले आणि तो संपूर्ण दाखवणे बंधनकारक झाले.

निर्णय न्याय्यच होता. मात्र त्यानंतर बहुतेक ठिकाणी सर्वांचे गुण १० पैकी ९ च्या आसपास जाऊन बसले. वरिष्ठालाही उद्या सकाळी त्याच माणसाकडून काम करून घ्यायचे असते. आता भांडण होते ते ९.२ आणि ९.४ ह्यांतील फरकावरून. अशा वेळी कोणाला वाटते की हे मूल्यांकन काही खरे नाही, आपण आकड्यांवर आधारलेली खरीखुरी स्पर्धा आणू. उत्तरेतील एका शहरात मी ज्या कार्यालयात बदलून गेलो, तिथे माझ्या आधीच्या प्रमुखांनी ती आणलेली होती.

ही निवृत्तिवेतन शाखा होती. कोणत्या सहायकाने महिन्यात किती प्रकरणे निकाली काढली, ह्याचा तक्ता भिंतीवर लागत असे. पहिल्या येणाऱ्याला २६ जानेवारीला प्रमाणपत्र आणि थोडी रोख रक्कम. आकडे पाहिले तर योजना यशस्वी होती. निकाली प्रकरणांचा आलेख चढता होता आणि तो वरच्या कार्यालयालाही आवडत होता. मी मात्र सवयीप्रमाणे सर्वांत जुन्या प्रलंबित प्रकरणांची नोंदवही मागवली. (नव्या अधिकाऱ्यांना माझे सांगणे असते की कार्यालय समजून घ्यायचे तर किती कामे झाली हे विचारू नका, सर्वांत जुने न झालेले काम कोणते ते विचारा.)

त्या वहीत वरच्या काही प्रकरणांत एका विधवा मुलीचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज होता. आईवडील दोघेही गेलेले, वडिलांच्या सेवापुस्तकातील जुन्या नेमणुकीची पडताळणी झालेली नाही, ते कार्यालय दुसऱ्या राज्यात, उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य झालेला. अवघड प्रकरण, पण अशक्य नव्हे. ते चार टेबलांवर फिरले होते. प्रत्येक टेबलावरून महिनाअखेरीस त्यात एक नवी त्रुटी काढून ते परत गेले होते, कारण त्रुटी काढून परत पाठवणे हीदेखील हिशेबात निर्गतीच होती! एकाच अर्जाने चार जणांना एकेक गुण मिळवून दिला होता आणि अर्जदार बाईंना एक रुपयाही मिळाला नव्हता.

शाखेत एक ज्येष्ठ कर्मचारी होते. सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. चौथ्या आणि पाचव्या वेतन आयोगाच्या वेळची वेतननिश्चिती त्यांना तोंडपाठ. जुन्या परिपत्रकांची चोपड्यांत लावलेली फाइल त्यांनी स्वतः जमवलेली. पूर्वी नवी मुले त्यांच्या टेबलाभोवती उभी असत. तक्ता लागल्यानंतर ती चोपडी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागले. ह्यात दुष्टपणा काहीच नव्हता. शेजाऱ्याला तासभर समजावून सांगितले तर आपले एक प्रकरण कमी होते आणि त्याचे एक वाढते, हा हिशेब समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्यांनी कुलूप लावले नसते तर मला आश्चर्य वाटले असते.

हे काही आमच्या देशाचे किंवा त्या शाखेचे वैशिष्ट्य नव्हे. पीटर ब्लाऊ ह्या समाजशास्त्रज्ञाचे 'द डायनॅमिक्स ऑफ ब्युरोक्रसी' हे पुस्तक १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्यात अमेरिकेतील एका सरकारी रोजगार कार्यालयाचा अभ्यास आहे. मालकांकडून रिकाम्या जागांची माहिती येई, तिची चिठ्ठी सर्वांना पाहता यावी अशा ठिकाणी ठेवायची आणि ज्याच्यासमोर योग्य उमेदवार बसला असेल त्याने ती वापरायची, अशी पद्धत. पुढे कोणी किती जणांना नोकऱ्या लावल्या ह्याची व्यक्तिगत नोंद ठेवली जाऊ लागली. लगेच चिठ्ठ्या दडवल्या जाऊ लागल्या. ब्लाऊने दोन विभागांची तुलना केली. एकात चुरस जास्त, दुसऱ्यात लोक एकमेकांना विचारून काम करीत. दुसऱ्या विभागाची कामगिरी एकूण सरस निघाली.

इथपर्यंतचे आपल्याला ऐकायला बरे वाटते. माझ्या मते खरा महत्त्वाचा आहे तो त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष. चुरस असलेल्या विभागात, जो कर्मचारी जास्त चुरशीने वागे त्याचा व्यक्तिगत आकडा जास्त असे. आता ह्या विभागाच्या प्रमुखाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याच्यासमोर व्यक्तींची यादी आहे. यादीत वर कोण? जे चढाओढ करतात ते. मग तो कोणता निष्कर्ष काढील? चढाओढीने काम वाढते, हाच. नुकसान होते ते विभागाच्या बेरजेत, आणि बेरीज भिंतीवर लावलेली नसते. स्पर्धेवरचा आपला विश्वास इतका चिवट का, ह्याचे उत्तर मला इथे सापडते. तिचा फायदा नावानिशी दिसतो, तोटा निनावी असतो.

अर्थशास्त्रज्ञांनाही हे उशिरा का होईना उमगले. एडवर्ड लेझिअर आणि शेर्विन रोझेन ह्यांनी १९८१ मध्ये मांडले की कर्मचाऱ्यांत जणू क्रीडास्पर्धा लावली आणि क्रमांकानुसार बक्षीस दिले, तर लोक झटून काम करतील. लेझिअर ह्यांनीच १९८९ मध्ये पुढची पायरी दाखवली. बक्षीस क्रमांकाला असेल तर स्वतः वर चढणे आणि दुसऱ्याला खाली ओढणे ह्या दोन्हींचे फळ सारखेच. (मराठी माणसाला खेकड्यांच्या टोपलीची गोष्ट वेगळी सांगायला नकोच. फक्त त्या गोष्टीत आपण खेकड्यांच्या स्वभावाला दोष देतो, टोपली विणणाऱ्याला नाही.) १९९१ मध्ये बेंट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम ह्यांनी दाखवले की माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांतील एखादेच मोजता येत असेल, तर मोजल्या जाणाऱ्या कामाला मोठे बक्षीस लावणे घातक ठरते. बाकीची कामे ओस पडतात. निवृत्तिवेतन शाखेत निर्गती मोजली जात होती, शिकवणे मोजले जात नव्हते. बेंगळुरू-हैदराबादच्या संगणक क्षेत्रातील वाचकांना 'बेल कर्व्ह'चा जाच सांगायला नकोच. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये मोडीत काढली.

तर मग सगळे सहकार्यावर सोपवावे का? नाही. सहकार्याबद्दल आपण फार भाबडे बोलतो. रेल्वेचे उदाहरण घ्या. १९७९-८० पासून रेल्वे कर्मचाऱ्यांना उत्पादकतेशी निगडित बोनस मिळतो, आणि गेली अनेक वर्षे तो ७८ दिवसांच्या वेतनाइतका असतो. गणनेसाठी मासिक वेतनाची मर्यादा ७,००० रुपये असल्यामुळे हातात जास्तीत जास्त १७,९५१ रुपये पडतात. ह्यात कोणी कोणाचा प्रतिस्पर्धी नाही. गाडी वेळेवर आणणारा चालक आणि रूळ तपासत चालणारा गँगमन एकाच बक्षिसाचे भागीदार आहेत. तत्त्वतः ह्याहून सुंदर काय असेल? पण भागीदार जवळजवळ ११ लाख! माझ्या आजच्या कामाने त्या ७८ दिवसांत तसूभरही फरक पडणार नाही, हे त्यांतील प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे तो बोनस दसऱ्याचा बोनस झाला. घरात त्याची वाट पाहिली जाते, कामाशी त्याचा संबंध उरत नाही. सणाच्या तोंडावर मिळणाऱ्या त्या पैशाला माझा मुळीच विरोध नाही, फक्त त्याला प्रेरणा म्हणू नये.

आपल्याकडे शेतीत इर्जिक नावाची पद्धत होती. एकाच्या शेतात सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचे, एका दिवसात काम उरकायचे, आणि शेतमालकाने जेवू घालायचे. ती चालत होती, कारण आज कोण आले आणि कोण आले नाही हे सर्वांना दिसत असे. न येणाऱ्याच्या शेतात उद्या कोणी जात नसे. सहकार्यालाही डोळे लागतात, आणि ते दहा-वीस माणसांपर्यंतच पोहोचतात.

सरकारी कामात मला इर्जिकीच्या सर्वांत जवळ वाटतो तो निवडणुकीतील मतदान चमू. मतदान केंद्राध्यक्ष एखाद्या शाळेचा मुख्याध्यापक, एक मतदान अधिकारी बँकेतला, एक पाटबंधारे खात्यातला. एकमेकांना आधी पाहिलेलेही नसते. मानधन ठरलेले, पदोन्नतीशी संबंध नाही, प्रमाणपत्र नाही. तरीही आदल्या दिवशी साहित्य घेऊन निघाल्यापासून दुसऱ्या रात्री यंत्र जमा करेपर्यंत ही अनोळखी माणसे ज्या जुळणीने काम करतात, ती त्यांच्या मूळ कार्यालयांत सापडत नाही. कारण उघड आहे. झालेल्या मतांचा १७-सी नमुन्यातील हिशेब चुकला तर जमा केंद्रावर कोणाचीच सुटका होत नाही. मोजणीची चूक कोणाची का असेना, घरी जायची बस चौघांचीही चुकते. काम एक, त्याचा शेवट एक, आणि माणसे मोजकी.

स्पर्धेला जागा कुठे, हेही ह्यातूनच दिसते. ती माणसामाणसांत लावण्याऐवजी अशा चमूंमध्ये लावावी. महाराष्ट्राने हे २०००-०१ साली करून दाखवले. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते आणि संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. चढाओढ गावागावांत होती. गावाच्या आत मात्र वरची आळी आणि खालची आळी दोघींनीही झाडू हातात घेतल्याशिवाय गुण मिळणार नव्हते. गाव करी ते राव न करी, ही म्हण सरकारी योजनेत उतरलेली मी तेव्हा पाहिली. बक्षीस मिळाल्यावर झाडू कोपऱ्यात ठेवणारी गावेही होती, हे सांगितले पाहिजे.

जानेवारी २०१८ पासूनच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमातही हाच विचार आहे. ११२ जिल्हे, आणि क्रमवारी ठरते ती जिल्हा किती पुढारलेला आहे ह्यावर नव्हे, तर गेल्या वेळेपेक्षा किती सुधारला ह्यावर. त्यामुळे गडचिरोलीची किंवा नंदुरबारची तुलना पुण्याशी होत नाही. कुपोषणाचा आकडा एकच असल्यामुळे आरोग्य, महिला-बालविकास आणि पाणीपुरवठा ह्यांना एका टेबलावर बसावे लागते. पण इथेही सीमेवर तीच जुनी चिठ्ठी दडवली जाऊ शकते. शेजारच्या जिल्ह्यातील गर्भवती आमच्या रुग्णालयात आली तर ती कोणाच्या आकड्यात? आम्हाला सापडलेली युक्ती शेजारच्या जिल्हाधिकाऱ्याला ह्या महिन्यात सांगायची की क्रमवारी लागल्यावर? शहरांच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून इंदूर सतत पहिले येऊ लागले, तेव्हा बाकीच्यांना धावण्याचा उत्साह उरेना. २०२४-२५ च्या सर्वेक्षणात इंदूर, सुरत, नवी मुंबई अशा शहरांना वेगळ्या गटात ठेवावे लागले, आणि २०२५ मध्ये पुढे असलेल्या शहरांची मागे राहिलेल्यांशी जोडी लावून देण्याचा कार्यक्रमही निघाला. स्पर्धा आखणाऱ्यांनाच शेवटी शिकवणी लावावी लागली!

निवृत्तिवेतन शाखेत मी तक्ता काढून टाकला आणि त्या जागी एकच आकडा लावला : शाखेतील सर्वांत जुने प्रलंबित प्रकरण किती दिवसांचे आहे. त्रुटी काढणे निर्गतीत धरायचे नाही. शुक्रवारी दुपारी जुनी प्रकरणे मोठ्या टेबलावर मांडायची आणि सगळ्यांनी मिळून पाहायची. बडे बाबूंचे कपाट लगेच उघडले नाही, पण काही आठवड्यांनी उघडले. विधवा मुलीच्या प्रकरणातील पडताळणी कशी करायची हे त्यांच्या चोपडीतल्याच एका परिपत्रकात होते. मंजुरीचा आदेश निघाला.

पण दोन गोष्टी मला अजून सुटलेल्या नाहीत. तक्त्यावर वारंवार पहिला येणारा एक तरुण सहायक होता. त्याने फक्त सोपी प्रकरणे उचलली होती असेही नाही, तो खरोखरच झपाट्याने काम करणारा होता. तो मला म्हणाला, "सर, मी शेजाऱ्याच्या दुप्पट काम करतो. आता भिंतीवर दोघांचा आकडा एकच?" त्याची तक्रार रास्त होती. मी त्याच्या मूल्यांकन अहवालात नेमक्या शब्दांत लिहिले, पण जिथे सर्वांना ९ मिळतात तिथे नेमक्या शब्दांना काय किंमत? वर्षभरात त्याने दुसरीकडे प्रतिनियुक्ती मिळवली. त्याला मी दोष देत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. गटाचा आकडा लागल्यावर कामचुकारांना सरळ करायला माझ्या ज्ञापनाची गरज उरली नाही, सहकाऱ्यांच्या नजराच पुरल्या. त्या नजरा नेहमी न्यायी नव्हत्या. शाखेतील एका महिला कर्मचाऱ्याची आई आजारी होती आणि तिला परवानगीने लवकर निघावे लागे. तिला ऐकावे लागलेले टोमणे मी थांबवले, तरी ते सुरू झाले होते ते त्या आकड्यामुळेच. चढाओढीत सहकारी तुमच्यापासून चिठ्ठी लपवतो, सहकार्यात तो तुमच्या घड्याळाकडे पाहतो. प्रमुखाला पर्याय म्हणून हेच दोन ताप मिळत असतील, तर मी दुसरा पत्करतो. तो डोळ्यांना दिसतो, त्यामुळे त्यावर काही करता येते, आणि त्याचा भार दाराबाहेरच्या अर्जदारावर पडत नाही.

आता राहिला त्या तरुणाचा आणि बडे बाबूंचा प्रश्न. मूल्यांकनाच्या नमुन्यात 'संघभावनेने काम करण्याची क्षमता' असा रकाना आहेच. तो भरतो वरिष्ठ, म्हणजे नेमका तो माणूस ज्याच्यासमोर सगळेच संघभावनेने वागतात. कोणी कोणाला काय समजावून सांगितले हे टेबलाशेजारच्या टेबलाला माहीत असते. फाइलवर टिप्पणी लिहिणाऱ्याची सही असते, तपासणाऱ्याची असते, मान्यता देणाऱ्याची असते. ज्याला विचारून टिप्पणी लिहिली त्याचे नाव हिरव्या कागदावर कधी येत नसे आणि आता ई-ऑफिसच्या पडद्यावरही येत नाही. माझी सूचना एवढीच आहे की टिप्पणीच्या शेवटी एक ओळ लिहायची मुभा असावी : ह्या प्रकरणी अमुक ह्यांचे मार्गदर्शन घेतले. वर्षअखेरीस अशा ओळी मोजाव्यात आणि त्या मूल्यांकन अहवालाला जोडाव्यात. त्यातही लोक एकमेकांची नावे साटेलोटे करून घालतील, हा आक्षेप मला माहीत आहे. घालतीलही. पण ज्याचे नाव घालायचे त्याच्याकडे निदान एकदा तरी जावे लागेल.